पाच ते सात, सगळे हजर

हवालदारांचं अक्षर सुंदर होतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही रकाना मोकळा सोडला नव्हता. ठाण्यातली कुठलीही वही उघडावी आणि नुसत्या पानावरून ओळखावं, ही हवालदारांची. समास आखलेला, ओळी सरळ, खाडाखोड औषधालाही नाही. वरून कोणी तपासणीला आलं की साहेब त्यांच्या वह्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायचे. म्हणूनच प्रत्येक ठाण्याने आपल्या भागातल्या तरुण मुलामुलींशी मैत्रीचे संबंध जोडावेत आणि दर शनिवारी तसा अहवाल पाठवावा, असा कागद आला, तेव्हा साहेबांनी तो अर्धा वाचला आणि हवालदारांकडे सरकवला.

"तुम्हीच बघा हे. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मैत्री करायला अक्षर कशाला लागतं, हे विचारायची सोय नव्हती.

ठाण्याच्या मागच्या बाजूला मुद्देमालाची खोली होती. जप्त केलेल्या गंजक्या सायकली, फुटके टीव्ही आणि मालक कोण हे कुणालाच आठवत नाही अशा पेट्या तिथे पडलेल्या होत्या. हवालदारांनी दोन रविवार खर्ची घालून ती उपसली. तळाशी एक टेबल टेनिसचं टेबल निघालं. जुगाराच्या अड्ड्यावरून उचललेलं, खटला संपून बारा वर्षं झालेली, न्यायला कोणी फिरकलं नव्हतं. एक पाय आखूड होता, त्याखाली त्यांनी वीट सरकवली. मग एक सुरेख पाटी लिहून फाटकावर लावली: तरुणांनी अवश्य यावे.

महिनाभर कुत्रंसुद्धा आलं नाही. पाटीवरच्या 'तरुणांनी'ला कोणीतरी मिशा काढून गेलं, तेवढीच काय ती दखल. हवालदार आपण होऊन नाक्यावरच्या कट्ट्यावर गेले, तर कट्टा क्षणात रिकामा झाला. वर्दीला घाबरत असतील म्हणून दुसऱ्या दिवशी साधा शर्ट घालून गेले. तेव्हा तर पोरं अशी पळाली की एकाची चप्पल मागे राहिली. साध्या कपड्यात आलेत म्हणजे प्रकरण मोठं असणार, असा त्यांचा हिशोब.

शेवटी आली ती एक मुलगी, आणि तीही स्वतःच्या कामाला. आईची सायकल चोरीला गेली होती, तक्रार द्यायला ती बाकावर बसली होती. मागून टक टक आवाज येत होता म्हणून उठून बघायला गेली. हवालदार टेबलाचा अर्धा भाग उभा करून एकटेच त्याच्याशी खेळत होते. मुलगी दारात थोडा वेळ उभी राहिली, मग तिला राहवेना.

"असं नाही मारत, मामा. मनगट वळवा."

बॅट हातात घेऊन तिने त्यांना सरळ तीन डाव हरवलं. तिची सर्व्हिस टेबलाला लागली की भलतीकडेच वळायची, म्हणून हवालदारांनी तिचं नाव फिरकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती चौघांना घेऊन आली. सायकल शेवटपर्यंत सापडली नाही, पण पोरं आली. महिन्याभरात सोळा जण झाले. सात वाजता दार बंद करताना प्रत्येक जण "येतो मामा", "येते मामा" म्हणून जायचा, आणि हवालदारांना त्या दोन शब्दांचं इतकं वेड लागलं की सुट्टीच्या दिवशीही ते पाच वाजता ठाण्यात हजर. बायको म्हणायची, "लग्नाला चोवीस वर्षं झाली, माझ्यासाठी कधी वेळेवर आला नाहीत."

खोलीचा नियम एकच होता. तो त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना तोंडी सांगितला होता: या खोलीत तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. कुठे होतास, कुणाबरोबर होतास, काही नाही. इथे फक्त खेळायचं.

आणि हे सांगणाऱ्याच माणसाने आठव्या दिवशी वही आणली. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, फोन, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. सव्वीस वर्षांची सवय, काय करणार! पोरांनी नाकं मुरडली. लंबू नावाचा एक ताडमाड मुलगा तर सरळ म्हणाला, "मामा, हे काय आता?" हवालदारांनी समजूत घातली, की उद्या कुणाला लागलं-सवरलं तर घरी कळवायला नको का? ते खोटं बोलत नव्हते. फिरकीने पहिलं नाव लिहिलं, मग बाकीच्यांनी.

सुरुवातीला मुलं स्वतः वेळ लिहायची. मग कंटाळली, आणि हवालदारच शनिवारी बसून आठवड्याची हजेरी एकहाती भरू लागले. रोज सोळा येत थोडेच? कधी नऊ, कधी सहा, परीक्षेच्या दिवसांत दोन. त्यांनी तसं लिहून पाठवलं, तर वरून पत्र आलं: उपस्थिती कमी असण्याचे कारण कळवावे. कारण कळवलं, तर पुन्हा पत्र आलं: कारण समाधानकारक नाही. तिसऱ्या पत्राला हवालदार वैतागले. चौथ्या आठवड्यात त्यांनी सोळाच्या सोळा जणांपुढे ओळीने 'पाच ते सात, हजर' लिहिलं, आणि नंतर एकही पत्र आलं नाही. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पोरं खेळत होती, कागद गप्प होता.

असे अकरा महिने गेले. मग मुख्यालयातून निरोप आला की आपल्या ठाण्याचा उपक्रम आदर्श ठरला आहे, हवालदारांनी शुक्रवारच्या कार्यशाळेत येऊन अनुभव सांगावा, सोबत वहीच्या छायाप्रती आणाव्यात. त्या छायाप्रतींसाठी त्यांनी गुरुवारीच, खेळ संपल्यावर, शुक्रवार आणि शनिवारचीही हजेरी भरून टाकली. आठवडा अपुरा दिसला असता ना!

त्याच गुरुवारी संध्याकाळी जवळच्या वाचनालयातून दोन संगणक चोरीला गेले. सहाला कुलूप लागलं आणि सातला राखणदार आला, तेवढ्या वेळात.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीने हवालदार मुख्यालयाला गेले. 'तरुणांचा विश्वास कसा जिंकावा' या विषयावर बारा मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. एक लाकडी ढाल मिळाली, तिच्यावर त्यांचं नाव चुकीचं कोरलं होतं, पण तेही त्यांनी हसून घेतलं. संध्याकाळी सहाला ढाल काखेत मारून ते ठाण्यात शिरले ते थेट मागच्या खोलीकडे, पोरांना दाखवायला.

दाराला कुलूप होतं. दाराबाहेरच्या कट्ट्यावर सहा बॅटी एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. हात धुवायच्या नळाखाली काळ्या शाईचे ओघळ होते, आणि ती शाई कसली हे ओळखायला हवालदारांना कुणाला विचारावं लागलं नाही. बोटांचे ठसे घेतल्यावर हात धुतले की असेच ओघळ पडतात.

"सकाळी सातलाच उचलले," ठाण्यातला नवा शिपाई म्हणाला. "साहेबांनी तुमचा खण उघडला आणि वहीच काढली. पत्त्यांवर पत्ते. गाडी गल्लीगल्लीतून फिरवली. पंधरा आले, एक दवाखान्यात होता. दुपारी सोडले सगळ्यांना. एवढं वेळच्या वेळी काम आपल्या ठाण्यात कधी झालं नाही हो."

शुक्रवारची हजेरी तेवढी जवळजवळ खरी ठरली होती.

शनिवारी सकाळी ठाण्यात पाऊल टाकतात तो फिरकीची आई फाटकाशी उभी. ती लाँड्रीत इस्त्री करायची, कामावर जाता जाता आली होती. बाई आवाज चढवून भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती हळू बोलत होती.

"भाऊ, गाडी दारात उभी राहिली. पोरगी केस विंचरत होती, कंगवा तसाच केसात. सगळी गल्ली बाहेर. मी म्हटलं, अहो, ती तुमच्याचकडे येते खेळायला. तर ते म्हणाले, म्हणूनच तर पत्ता आहे."

"मी नव्हतो काल," हवालदार म्हणाले.

"ते कळलं. तुम्ही असता तर काय झालं असतं, ते मी विचारत नाही." तिने पिशवीतून एक कागद काढला. "हिचं रुग्णवाहिकेवरच्या मदतनिसाच्या प्रशिक्षणाला नाव लागलंय. दोनशे पोरांतून वीस घेतलीत. बुधवारपर्यंत ठाण्याचा दाखला द्यायचाय, वागणूक चांगली असल्याचा. खिडकीवरचा माणूस म्हणतो, चोरीच्या प्रकरणात चौकशी चालू आहे असा शेरा पडणार. तसा कागद घेऊन गेली तर तिला कोण उभं करेल? तुमच्या भरवशावर पाठवत होते, भाऊ. तुमच्या भरवशावर."

हवालदार तडक साहेबांच्या खोलीत गेले.

साहेब दुष्ट माणूस नव्हते. त्यांच्यावरही वरून फोन येत होते, आणि फोन करणाऱ्याला काहीतरी केल्याचं सांगावं लागतं. "या, या," ते म्हणाले, "तुमच्या वहीने लाज राखली बघा."

"साहेब, ती खेळाची वही आहे. संशयितांची यादी नाही."

"नाव-पत्ते खरे आहेत ना? मग झालं."

"मग वेळाही बघा की! गुरुवारी पाच ते सात फिरकी माझ्यासमोर होती. मी तिच्याशी खेळत होतो. वहीत लिहिलंय."

साहेबांनी वही पुढ्यात ओढली, पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हा लंबू. बुधवारी जिन्यावरून पडला, पाय मोडला, तेव्हापासून दवाखान्यात आहे. त्याच्या वडिलांनी कागद आणून दाखवले. तुमच्या वहीप्रमाणे तो गुरुवारी पाच ते सात टेबल टेनिस खेळत होता." बोट आणखी पुढे सरकलं. "आणि आज शनिवार. आत्ता सकाळचे साडेदहा वाजलेत. आज संध्याकाळी पाच ते सात सोळा जण येऊन गेले?"

पोरांना पकडायला ती वही खरी होती, सोडवायला खोटी होती. आणि ती खोटी कुणी केली होती? ते सुंदर अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

"लेखी जबाब द्या," साहेब म्हणाले. "गुरुवारी खरोखर कोण होतं ते तुमच्या सहीने लिहा. मग मी शेरा काढतो. पण मग हेही लिहावं लागेल की वही बनावट आहे. अकरा महिन्यांचे अहवाल त्याच वहीवरून गेलेत, खाली माझीही सही आहे. तुमची चौकशी लागेल. बढतीच्या यादीत तुमचं नाव आहे, ते जाईल. ती ढालही मागतील बहुतेक." त्यांनी वही मिटली. "त्यापेक्षा दोन-तीन महिने थांबा. प्रकरण निवेल. पोरगी पुढच्या वर्षी जाईल प्रशिक्षणाला, काय आभाळ कोसळतंय?"

त्या संध्याकाळी पाचला हवालदारांनी मागची खोली उघडली. वहीप्रमाणे सोळा जण यायचे होते. सातपर्यंत ते टेबलाशी बसून राहिले. बाहेरच्या रस्त्यावरून दोन ओळखीचे आवाज गेले, फाटकापाशी आल्यावर बंद झाले आणि पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झाले.

रविवारी घरी त्यांनी ज्याला त्याला झापलं. दूधवाल्यापासून पंख्यापर्यंत कोणी सुटलं नाही. बायको मटार सोलत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, साहेबांचं, लंबूच्या पायाचं, वरून आलेल्या त्या तीन पत्रांचं.

"त्यांनीच लिहायला लावलं मला खोटं," हवालदार म्हणाले. "खरं लिहिलं तर कारण विचारतात!"

"हो. आणि तुम्ही लिहिलंत." तिने एक शेंग मोडली. "गुरुवारी खरंच किती जण होते?"

"सात."

"कोण कोण, आठवतं?"

हवालदारांनी घडाघडा सात नावं सांगितली. कोण कुठल्या बाजूला खेळलं, कुणाच्या बॅटचं रबर सुटलं होतं, कुणाला घरून फोन आला, सगळं. फिरकीकडून आपण अकरा-चार, अकरा-सहा, अकरा-दोन असे हरलो, हेही सांगितलं.

"मग लिहायला काय झालंय?" बायको म्हणाली. "अक्षर तर चांगलं आहे तुमचं."

त्यांना तिचा भयंकर राग आला. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि कागद घेऊन बसले.

जबाब लिहायला चार तास लागले. सात जणांचं लिहून झालं, मग गाडी अडली. लंबू दवाखान्यात होता, त्याचं एक सोडा. उरलेले आठ जण गुरुवारी आले नव्हते. ते कुठे होते हे हवालदारांना ठाऊक नव्हतं, आणि न विचारण्याचं वचन त्यांनीच दिलं होतं. सात जणांना सोडवायचं तर आठ जणांपुढे 'गैरहजर' लिहायचं होतं. त्यांच्या हाताने, त्यांच्या सहीने. त्यांनी लिहिलं. खाली आणखी लिहिलं की ही सर्व मुले चांगली असल्याचा माझा अनुभव आहे, आणि ते वाक्य कुणी वाचणार नाही हे माहीत असूनही त्याखाली रेघ ओढली. वहीची दोन पानं फाडून टाकावीत असंही एकदा मनात आलं होतं. पण वही साहेबांच्या कपाटात होती.

सोमवारी साहेबांनी जबाब दोनदा वाचला. "हट्टीपणा केलात," एवढंच म्हणाले. सातही जणांवरचा शेरा निघाला. आठ जणांना मंगळवारी पुन्हा बोलावलं गेलं, आणि त्यातला एक मुलगा बाहेर पडताना हवालदारांच्या टेबलाजवळ थांबून म्हणाला, "तुमच्या लाडक्यांना सोडवलंत ना? बरं झालं." त्याच दुपारी उपक्रम स्थगित केल्याचं पत्र आलं. कारण समाधानकारक आहे की नाही, हे या वेळी कुणी विचारलं नाही. मोकळ्या झालेल्या खोलीत लगोलग जप्त केलेल्या मोटारसायकली भरल्या. टेबल भिंतीला उभं केलं, वीट दाराला अडसर म्हणून लावली.

चोर पुढे दोन महिन्यांनी सापडला. गावाच्या दुसऱ्या टोकाचा, चाळिशी उलटलेला वायरमन. त्याने जन्मात टेबल टेनिसची बॅट हातात धरली नव्हती. पण ते पुढचं.

बुधवारी हवालदारांना दाखल्याच्या खिडकीवर बसवलं होतं. चौकशी लागलेल्या माणसाला ठाण्यात तीच जागा देतात. बाराच्या सुमाराला रांगेतून फिरकी पुढे आली. केस घट्ट बांधलेले, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट.

"दाखला न्यायचाय, साहेब," ती म्हणाली.

हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं. अकरा महिन्यांत तिने त्यांना साहेब म्हटलं नव्हतं. त्यांनी दाखला काढला, शिक्का तपासला, तारीख तपासली. दोन्ही आधीच तपासून ठेवलेलं होतं. मग पोच घ्यायची वही तिच्यापुढे फिरवली. तिने पेन उचललं आणि रकाने पाहून हात थांबवला. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, फोन.

"नुसती सही कर," हवालदार म्हणाले. "बाकी राहू दे."

तिने सही केली. चार रकाने मोकळे राहिले.

"आपली ती वही कुठंय?" तिने विचारलं.

"साहेबांच्या कपाटात. सील केलीय. माझी चौकशी आहे ना, पुरावा म्हणून जपून ठेवायची आहे."

"म्हणजे नावं राहिलीच."

"राहिली," हवालदार म्हणाले. त्यांना सांगायचं होतं की मी खरं लिहून दिलं म्हणूनच ती वही आता कुणाला फाडता येणार नाही, आणि खरं लिहिलं नसतं तर हा दाखला मिळाला नसता, आणि या दोन्हींमध्ये मी काय करायला हवं होतं ते तूच सांग. पण मागे रांग होती आणि समोर अठरा वर्षांची मुलगी होती. "चुकलं माझं," ते म्हणाले. "वही आणायलाच नको होती."

फिरकीने मान हलवली. हो म्हणून की जाऊ दे म्हणून, ते त्यांना कळलं नाही. तिने दाखल्याची नीट घडी केली आणि पिशवीत ठेवला.

"जाते," ती म्हणाली.

"जाते नाही गं, येते म्हणावं." कुठल्याही घरातल्या वडीलधाऱ्याच्या तोंडून निघतं, तसं ते त्यांच्या तोंडून निघून गेलं.

फिरकी वळता वळता थांबली. खिडकीतून आत, हवालदारांच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे तिने पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं. मोटारसायकली एकीला एक लागून उभ्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे टेबलाची हिरवी कड जेमतेम दिसत होती.

"कुठे येऊ?" तिने विचारलं.

रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं असावं, कारण ती थोडा वेळ थांबली. हवालदारांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग रांगेतला पुढचा माणूस खाकरला आणि त्याने आपला कागद खिडकीतून आत सरकवला.